अल्सरेटिव्ह कोलायटिस: प्रतिकारशक्ती वाढवायची नव्हती, शांत करायची होती

गेली काही वर्षं मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक व्रण पडतात, शौचाला रक्त आणि आव पडते, असा हा आजार. मध्येच बरं वाटतं आणि पुन्हा उसळतो. या काळात भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच सांगितलं, तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय, ती वाढव. जाऊबाईंनी गुळवेलीचा काढा करून आणला, शेजारच्या काकूंनी च्यवनप्राश दिला, नवऱ्याच्या मित्राने कसल्याशा परदेशी फळाच्या रसाची महागडी बाटली आणली. सगळ्यांच्या मनात मायाच होती. पण माझ्या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती नको तिथे, नको तेवढी जागी झाली आहे आणि शांत व्हायचं नाव घेत नाही. हे नीट कळलं तेव्हा कुठे मला माझ्या औषधांचा अर्थ लागला. आपल्या भाषेत यावर फार थोडं वाचायला मिळतं, म्हणून जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पार कर्नाटकातून पेशंट येतात. त्यामुळे रक्त, लघवी, शौचाचे नमुने यांतच माझा दिवस जातो. आजाराची सुरुवात साध्या जुलाबासारखी झाली. नंतर आव पडायला लागली, मग रक्त. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी आमांश म्हणून मेट्रोनिडॅझोल दिलं. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा सुरू. मग कुणीतरी मूळव्याध म्हणालं, मलम झालं, इसबगोल झालं. आपल्याकडे रक्ती आव म्हटलं की अमीबा आणि नुसतं रक्त म्हटलं की मूळव्याध, हे इतकं ठरून गेलेलं आहे की तिसरं काही असू शकतं हे पटकन कुणाच्या मनात येत नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण दहांतल्या नऊ जणांना खरंच संसर्गच असतो.

माझा नमुना मी आमच्याच लॅबमध्ये तपासला. सलाइनमध्ये थोडासा मिसळून एक स्लाइड, आयोडीनमध्ये एक, वर कव्हरस्लिप. अमीबाचा ट्रोफोझोइट असेल तर तो ताज्या नमुन्यात हळूहळू सरकताना दिसतो, पोटात लाल पेशी गिळलेल्या असतात. तसं काही नव्हतं. सिस्ट नव्हत्या, कृमींची अंडी नव्हती. होत्या त्या फक्त लाल पेशी आणि फील्ड भरून पस सेल्स. रिपोर्टात आम्ही ‘प्लेंटी’ लिहून मोकळे होतो. पस सेल म्हणजे दुसरं काही नाही, न्यूट्रोफिल, आपल्या रक्तातली पांढरी पेशी. जंतू दिसला की सगळ्यात आधी धावून जाणारी. कल्चर लावलं, त्यात ना साल्मोनेला ना शिगेला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी ती स्लाइड स्वतः पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, जंतू कुठेच नाही आणि पेशी एवढ्या. मग या आल्यात कुणाशी लढायला?”

पुढचे कित्येक महिने माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता.

मॅडमनीच शौचातलं कॅलप्रोटेक्टिन करायला सांगितलं. आमच्याकडे ते होत नाही, नमुना मुंबईला पाठवावा लागतो. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलच्या आतलं प्रथिन. जंतूंना वाढायला जस्त आणि मँगनीज लागतं, ते पकडून ठेवून जंतूंना उपाशी मारायचं, हे त्याचं काम. ते शौचात सापडलं याचा अर्थ न्यूट्रोफिल आतड्याची भिंत ओलांडून आत उतरले आहेत. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर ठीक समजतात, २५० च्या वर गेलं की सूज आहे असं धरून चालतात. माझा आकडा हजाराच्या वर होता. ज्यांचं पोट बिघडतं पण सूज नसते, म्हणजे आयबीएसवाले, त्यांच्यात हे प्रथिन वाढत नाही. आयबीएस आणि आयबीडी (आतड्याला सूज येणाऱ्या आजारांचं कूळ, माझा आजार त्यातलाच) या नावांत एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात, पण आजार अगदी वेगळे आहेत.

मग पोटविकारतज्ज्ञ आणि कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी ती खारट-गोड पावडर दोन लिटर पाण्यातून प्यायची, रात्रभर संडास गाठायचा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. ज्यांना भीती वाटते त्यांना एवढंच सांगेन की खरा त्रास त्या पाण्याचा आहे, तपासणीचा नाही. मी गुंगीचं औषध थोडंच घ्या म्हटलं, मला पडदा बघायचा होता. निरोगी मोठं आतडं आतून चकचकीत गुलाबी असतं आणि त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी स्पष्ट दिसते. माझ्या आतड्यात गुदाशयापासून वर डाव्या बाजूच्या वळणापर्यंत ती नक्षी पार पुसलेली होती. अस्तर लालभडक आणि दाणेदार, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येत होतं. वळण ओलांडलं आणि अचानक सगळं स्वच्छ. जणू रेघ मारली होती. सर पुढे जाऊन छोट्या आतड्याच्या शेवटच्या टोकातही डोकावून आले, ते निर्मळ होतं. हे बघणं आपल्याकडे फार गरजेचं असतं, कारण पोटाचा टीबी त्याच जागी बसतो आणि या कुळातला दुसरा आजार, क्रोन्स, तोही तिथेच घर करतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये तो लिहून काढला, तेव्हा त्यांनीही आधी टीबी नाही ना याची शहानिशा केली होती.

बायोप्सी आमच्याच लॅबला आली. दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर मॅडमनी मला शेजारी बसवलं. मोठ्या आतड्याच्या अस्तरात क्रिप्ट नावाच्या सूक्ष्म नळ्या असतात, सरळ, एकमेकींना समांतर. माझ्या तुकड्यात त्या वाकड्यातिकड्या झालेल्या, काही मध्येच फाटे फुटलेल्या. काही नळ्यांच्या भिंतीत न्यूट्रोफिल शिरलेले आणि काहींच्या पोकळीत त्यांचा गठ्ठा साचलेला, त्याला क्रिप्ट ॲब्सेस म्हणतात. बुळबुळीत द्रव तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. नळ्यांच्या तळाशी प्लाझ्मा पेशींची, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी होती. मॅडम म्हणाल्या, “हे बघ, चार दिवसांचा संसर्ग असता तर न्यूट्रोफिल दिसले असते, पण नळ्या सरळ राहिल्या असत्या. नळ्या वाकल्यात आणि तळाला प्लाझ्मा पेशी आहेत, म्हणजे हे खूप दिवस चाललंय.” ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत आणि क्रोन्समध्ये दिसणारा पेशींचा गोल पुंजका, नव्हता, टीबीचं काही चिन्ह नव्हतं. आजाराला नाव मिळालं.

त्यानंतरच्या भेटीत मी सरांना मॅडमचाच प्रश्न विचारला, या पेशी कुणाशी लढताहेत? त्यांच्या बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आपल्या मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात शंभर अब्जांच्या घरात जीवाणू असतात. ते आणि आपलं रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एकच थर आहे, आणि तोसुद्धा दर चार-पाच दिवसांनी नवा होतो. त्या थरावर गॉब्लेट पेशींनी तयार केलेला बुळबुळीत पडदा असतो. त्याच्या आतल्या पदरात जीवाणू सहसा शिरत नाहीत. भिंतीच्या पलीकडे प्रतिकारशक्तीच्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात.  एवढे जीवाणू समोर असताना त्यांनी रोज उठून लढाई केली तर माणूस जगायचा नाही. म्हणून आतड्यातली प्रतिकारशक्ती सहन करायला शिकलेली असते. काही टी पेशींचं कामच मुळी इतरांना आवरायचं आहे. त्या इंटरल्यूकिन-१० नावाचा संदेश सोडतात, तो पोचला की बाकीच्या शांत होतात. १९९३ मध्ये इंटरल्यूकिन-१० चं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या उंदरांना आपोआप आतड्याची सूज आली. पण तसलेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तेव्हा त्यांना सूज आली नाही. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. भांडण लागायला दोन्ही हवेत, आवरणारं कुणी नसणं आणि समोर जीवाणू असणं.

माझ्यासारख्यांत पडदा कुठेतरी विरळ होतो, जीवाणू भिंतीपाशी येतात, तिथल्या पहारेकरी पेशी त्यांचे तुकडे टी पेशींना दाखवतात. टी पेशी आणि त्यांच्या सोबतच्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३ असे संदेश सोडतात. त्या हाकेने रक्तातून न्यूट्रोफिल येतात आणि जीवाणूंना मारायची त्यांची रसायनं आपल्याच अस्तराला जाळतात. अस्तर फाटलं की आणखी जीवाणू आत, आणखी हाका, आणखी पेशी. सर म्हणाले, “ताई, मिरवणूक कधीच संपलीय, पण बंदोबस्त उठवायचा हुकूमच येत नाही. उलट जादा कुमक मागवली जातेय.” कुणाशी लढताहेत याचं उत्तर एवढंच होतं की त्या आपल्याच, एरवी निरुपद्रवी असलेल्या जीवाणूंवर उठल्या आहेत आणि त्यात घर जळतं आहे.

हे मलाच का झालं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. क्रोन्सशी संबंध असलेलं एनओडी-२ हे जनुक २००१ मध्ये सापडलं आणि आता या आजारांशी जोडलेल्या जनुकांतल्या दोनशेहून जास्त जागा माहीत आहेत. त्यांतल्या पुष्कळशा प्रतिकारशक्तीच्या कामकाजाशी निगडित आहेत. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. म्हणजे निव्वळ रक्तातून येणारी गोष्ट नव्हे. आणि हा गोऱ्यांचा आजार आहे, आपल्याकडे नसतो, हेही खरं नाही. पंजाबातल्या एका पाहणीत, जी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, दर लाखामागे ४४ च्या वर रुग्ण सापडले होते. सासूबाईंना वाटत होतं की मी लग्नाआधी होस्टेलवर राहिले, तिखट खाल्लं, त्यामुळे झालं. सरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, “आजी, तिखटाने त्रास वाढला तरी आजार तिखटाने होत नाही.” त्या दिवसापासून घरातली कुजबुज थांबली, याबद्दल मी सरांची आभारी आहे.

उपचार मेसालामाइनच्या गोळ्या आणि रात्री झोपताना एनिमा यांनी सुरू झाला. एनिमाची लाज वाटायचं कारण नाही. औषध नेमकं जळणाऱ्या जागी पोचवायचा तो सगळ्यात सरळ मार्ग आहे. मला उतार पडला. रक्त थांबलं, भाकरी पचायला लागली. मग एका पावसाळ्यात आजार असा उसळला की मला दाखल व्हावं लागलं.

तीव्र झटका कशाला म्हणायचं याची कसोटी ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये घालून दिली, ती आजही वापरतात: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ती शौच आणि त्याबरोबर ताप, नाडी नव्वदीच्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली किंवा ईएसआर (सूज मोजायची एक रक्ततपासणी) तिसाच्या वर, यांतलं किमान एक. माझ्यात जवळजवळ सगळंच होतं. रिपोर्ट हातात घेतल्यावर मला आजार पोटापुरता राहिलेला नाही हे स्पष्ट दिसलं. प्लेटलेट वाढलेल्या, अल्ब्युमिन उतरलेलं, सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, चढलेलं. गुडघे सुजले होते आणि पायावर लाल, दुखऱ्या गाठी आल्या होत्या, त्यांना एरिथिमा नोडोसम म्हणतात. तेही प्रतिकारशक्तीचंच काम. आतड्यातली हाक रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक मात्र घ्यायचं नाही, अशा वेदनाशामकांनी आतडं आणखी बिघडू शकतं.

दोन गोष्टी तेव्हा मला उलट्या वाटल्या होत्या. एक म्हणजे रक्त जात असतानाही सिस्टर रोज पोटात हेपारिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन देत होत्या. कारण अंगात एवढी सूज असली की रक्त शिरांमध्ये गोठण्याचा धोका वाढतो आणि पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. दुसरी गोष्ट लोहाची. घरून रोज खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे येत होते, पण हिमोग्लोबिन ढिम्म. सूज असताना यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलंही बाहेर सोडत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही सोय, इथे विनाकारण चालू राहिलेली. शेवटी लोह शिरेतूनच द्यावं लागलं.

शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं, दर सहा तासांनी. पोटाचा एक्स-रे काढला, मोठं आतडं फुगून सहा सेंटिमीटरच्या वर गेलं की प्रकरण गंभीर होतं. स्टिरॉइड सगळ्यांनाच एकदम गप्प करतं, चांगल्या पेशींनाही. बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो, सगळ्यांना नाही. तिसऱ्या दिवशी फैसला करायचा असतो. ऑक्सफर्डमध्येच १९९६ मध्ये असं दिसलं होतं की तिसऱ्या दिवशीही आठाहून जास्त वेळा शौचाला होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा होऊन सीआरपी ४५ च्या वर असेल, तर ८५ टक्के लोकांचं त्याच मुक्कामात मोठं आतडं काढावं लागत होतं. कॉटच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर प्रत्येक शौचाची वेळ नवरा स्वतः लिहीत होता. तिसऱ्या दिवशी मी त्या रेषेच्या वाईट बाजूला होते. सर्जन येऊन भेटून गेले. पोटावर पिशवी लावावी लागेल का, लागली तर कायमची की काही महिन्यांची, हे त्यांनी न घाबरवता सांगितलं. शस्त्रक्रिया म्हणजे हार नव्हे, कित्येकांचा तिने जीव वाचतो, हे मला तेव्हा पटलं होतं. तयारीही होती.

पण त्याआधी एक औषध होतं, इन्फ्लिक्सिमॅब. टीएनएफ या एकाच संदेशाला पकडणारी प्रतिपिंडं, थोडा भाग उंदराचा, बाकी माणसाचा. १९९३ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या डॉक्टरांनी क्रोन्स असलेल्या एका शाळकरी मुलीला ते दिल्याचं प्रसिद्ध केलं. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी आणि २००५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी त्याला परवानगी मिळाली. २००५ मध्येच स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये माझ्यासारख्या, स्टिरॉइडने न आवरलेल्या ४५ रुग्णांवर चाचणी झाली. औषध मिळालेल्या २४ पैकी ७ जणांचं आणि न मिळालेल्या २१ पैकी १४ जणांचं आतडं तीन महिन्यांत काढावं लागलं. सरांनी हे आकडे मला आणि नवऱ्याला सांगितले. खात्री कसलीच नाही, पण संधी चांगली आहे, असं स्पष्ट म्हणाले.

द्यायच्या आधी टीबी. छातीचा एक्स-रे आणि इग्राची रक्ततपासणी दाखल झाल्या झाल्याच पाठवली होती, शिवाय हिपॅटायटिस बी. सासूबाईंनी पूर्वी टीबीचा कोर्स पूर्ण केलेला आहे, म्हणून सरांनी खोदून खोदून विचारलं. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या अंगात टीबीचे जंतू निपचित पडलेले असतात. प्रतिकारशक्ती त्यांच्याभोवती पेशींचं कडं करून बसते आणि ते कडं टिकवायला टीएनएफ लागतो. तोच अडवला तर कडं सुटतं. २००१ मध्ये हे औषध घेतल्यावर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद अमेरिकेतून प्रसिद्ध झाली, तेव्हापासून आधी टीबी तपासायची सक्त पद्धत पडली. म्हणजे जो टीएनएफ माझं आतडं जाळत होता, तोच दुसरीकडे माणसाला वाचवत असतो. माझी तपासणी निगेटिव्ह आली.

सलाइन लावण्याआधीचा प्रकार मी टक लावून पाहिला. किलोमागे पाच मिलिग्रॅम हे माप. माझं वजन पन्नासच्या आत उतरलेलं, म्हणून शंभर मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. पांढरी सुकी वडी तळाला. सिस्टरनी सुईने पाणी काचेच्या कडेने सोडलं आणि कुपी हलवली नाही, तळहातात धरून हळूच गोल फिरवली. जोरात हलवलं तर फेस होतो आणि प्रथिन बिघडतं. लॅबमध्ये आम्ही सिरमचे कंट्रोल असेच विरघळवतो, त्यामुळे त्यांचा हात बघून मला धीर आला. सलाइनच्या नळीला गाळणी, दोन तास संथ थेंब, दर थोड्या वेळाने बीपी. दुसऱ्या दिवशी शौचाच्या खेपा कमी झाल्या. त्यानंतरच्या दिवशी नवऱ्याने तो कागद माझ्यासमोर धरला आणि काही बोललाच नाही.

पुढचे डोस दोन आणि सहा आठवड्यांनी, मग दर आठ आठवड्यांनी. स्टिरॉइड हळूहळू कमी करत थांबवलं. एकदम थांबवायचं नसतं, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तोवर झोपलेलं असतं. सोबत ॲझाथायोप्रिन सुरू झालं. त्याचं एक कारण मला फार बोलकं वाटलं. प्रतिकारशक्ती या औषधालाही परकं समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ती होऊ नयेत म्हणून दुसरं औषध. ॲझाथायोप्रिनने आपल्याकडच्या काही लोकांत पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात आणि केस मूठमूठ गळतात. एनयूडीटी-१५ या जनुकातल्या फरकामुळे ते होतं, म्हणून ती तपासणी आधी केली. सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी होती. आमच्याच लॅबमधली मैत्रीण रक्त काढायची.

या काळात गुळवेलीचा विषय पुन्हा निघाला. प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेताना ती चेतवायचा काढा पिण्यात अर्थ नाही, हे मी जाऊबाईंना समजावलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद त्यांचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला स्वतःच्या प्रतिकारशक्तीचाच आजार आहे त्याने ‘इम्युनिटी बूस्टर’ असं लिहिलेली कोणतीही बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये. खरी काळजी घ्यायची ती लसींची. न्यूमोनियाची, हिपॅटायटिस बीची आणि दरवर्षी फ्लूची लस मी घेतली. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी मात्र या औषधांवर असताना चालत नाहीत. ताप आला तर अंगावर काढत नाही, खोकला लांबला की एक्स-रे.

खर्चाबद्दलही लिहायला हवं. भारतात बनणाऱ्या बायोसिमिलरमुळे, म्हणजे मूळ औषधासारख्याच स्वस्त पर्यायामुळे, हे औषध आमच्यासारख्यांच्या आवाक्याच्या काठावर आलं आहे, आवाक्यात नाही. मेडिक्लेमवाल्यांना दोन तासांचं सलाइन म्हणजे उपचार कसा हे दर वेळी पत्र लिहून सांगावं लागतं. सरकारी योजनांमधून ही औषधं सगळ्यांना सहज मिळायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. ऐन विशी-तिशीतल्या, घर चालवणाऱ्या माणसांना हा आजार गाठतो.

आता मी बरी आहे. भाकरी, कांदा-लसूण चटणी, सगळं खाते. कोलोनोस्कोपीत रक्तवाहिन्यांची नक्षी परत दिसली, मॅडमनी बायोप्सीत न्यूट्रोफिल नाहीत असं लिहिलं, कॅलप्रोटेक्टिन शंभरच्या आत आहे. नळ्या मात्र वाकड्याच राहिल्या, त्या सरळ होत नाहीत. बरं वाटतंय म्हणून औषध थांबवू का, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले की शांत आहे ते औषधामुळे. सध्या ॲझाथायोप्रिन कमी करता येईल का यावर विचार चालू आहे, त्यासाठी रक्तातली इन्फ्लिक्सिमॅबची पातळी आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं तपासायला दिली आहेत. आजाराला आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीने ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करावी लागेल. वर्षानुवर्षं जळत राहिलेल्या अस्तरात तो धोका वाढतो.

आमच्या लॅबमध्ये मॅडमनी एक पद्धत घातली आहे. एकाच पेशंटच्या शौचात पुन्हा पुन्हा पस सेल्स आणि लाल पेशी आल्या आणि जंतू सापडला नाही, की त्या स्वतः त्याच्या डॉक्टरांना फोन करतात. मध्यंतरी एका कॉलेजच्या मुलाचं असंच झालं. त्याच्या छोट्या आतड्याच्या टोकाला व्रण निघाले, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा आहेत, पण टीबीत दिसतो तसा मधला चुरा नाही आणि जीनएक्स्पर्ट, म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी, निगेटिव्ह आहे. क्रोन्स असू शकतो, टीबीही असू शकतो. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं आणि तो टीबी निघाला तर पोरगा हातचा जाईल, म्हणून डॉक्टरांनी आधी टीबीची औषधं सुरू केली आहेत आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कोपी ठेवली आहे. व्रण भरले असतील तर त्याच्या पेशी खऱ्या जंतूशी लढत होत्या असं ठरेल, आणि मग टीबीचा कोर्स पूर्ण करायचा.